डाव्या दारातला स्पीकर

बाबांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी पिकअपच्या दोन्ही दारांत स्पीकर बसवले. कोणी विचारलं की म्हणायचो, शौक आहे. शौक कसला न काय! एवढं स्पष्ट मी तेव्हा बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गाडी बाबांची. आमच्या आसपासच्या गावांतून धानाचे पोते उचलायचे आणि तुमसरच्या राईस मिलमध्ये नेऊन टाकायचे, हा धंदा त्यांनी सोळा-सतरा वर्षं केला. मग लकव्याचा झटका आला. पाय सुधारला, जीभ तर पहिल्यापेक्षा तेज झाली, पण डावा हात गेला तो गेलाच. डाव्या हाताशिवाय गेर कसा टाकणार? मी तेव्हा वरठीला कारखान्यात ठेकेदाराकडे होतो. ते काम सोडून आलो आणि स्टेअरिंगवर बसलो. बाबा शेजारच्या सीटवर. घरी आराम करा म्हटलं तर म्हणाले, “गाडी एकटी कशी जाईन?” जसा काही मी गाडीत नव्हतोच.

आणि मग सुरू. “गेर बदल.” “अबे, कायले एवढं दाबून राहिला?” “मांगचा स्प्रिंगचा पाटा वाजून राहिला, ऐकू नाही येत का तुले?” समोर खड्डा दिसला की माझ्याआधी त्यांचाच पाय खाडकन पत्र्यावर पडायचा, ब्रेक असल्यासारखा. मी दोन लेकरांचा बाप, आणि हा माणूस मला रोज तुमसर येईपर्यंत गाडी शिकवणार! डोकं नुसतं भणभणायचं. घरी येऊन जेवताना मी ताटावरून उठून जायचो, अंगणात चकरा मारायचो, परत येऊन बसायचो. बायको म्हणायची, “मुंग्या चावल्या का तुमाले?”

एक काम मात्र त्यांच्याशिवाय होत नव्हतं. मिलच्या आवारात गाडी रिव्हर्स घेऊन ओट्याला लावायची म्हणजे भारी खटपट. पोते वरपर्यंत रचलेले, मागचं काही दिसत नाही. बाबा डावं दार सताड उघडायचे, उजव्या हाताने आतली दांडी धरायचे आणि अर्धं अंग बाहेर काढून मागे पाहत ओरडायचे, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस!” त्यांच्या ‘बस’वर मी ब्रेक मारायचो आणि गाडी ओट्याला वीतभर अंतरावर थांबायची. रोज. याबद्दल मी त्यांना कधी एक शब्द बोललो नाही. त्यांचं कामच आहे ते, असं धरून चाललो.

धान कापणीच्या तोंडावर एका रविवारी मी स्पीकर घेऊन बसलो. काचेचं हँडल काढलं, स्क्रू काढले, दाराचा पुठ्ठा उचकटला. आत गंज, माती आणि बोटभर धानाचा कोंडा. भोक पाडलं तर स्पीकरचा चुंबक इतका जाड की काच खाली येऊन त्याच्यावरच अडली. दुसरं भोक पाडलं, खाली. उजवं दार कसंबसं झालं. पण डाव्या दारात तार जाता जाईना. बिजागरीजवळ एक रबरी नळी असते, तिच्यातूनच तार दारात घ्यावी लागते, नाहीतर दार लावताना चेंगरते. मी ढकलतो, ती आत दुमडते. पुन्हा ढकलतो, पुन्हा दुमडते. तासभर हेच. शेवटी मी पक्कड अंगणात फेकली आणि तोंडात येईल ते बोललो.

बाबा ओसरीवरून उठून आले. हातात सायकलचा जुना आरा. वाकून पाहिलं आणि म्हणाले, “दार लावून माप घेतलं का बे तू? पुरं उघड. मी उतरतो त पुरंच उघडतो न? अर्ध्यात तुटन हे.”

मग त्यांनी आरा तारेला लावला, टेप दाताने तोडली, एका हाताने गुंडाळली. मी धरू लागलो तर “सरक” म्हणाले. तो एक हात त्या नळीत हळूहळू आरा सरकवत राहिला. कपाळावर घाम आला होता. अर्ध्या तासाने तार दाराच्या पोटातून बाहेर आली. “घे,” म्हणाले. “वाजव आता.”

मला लाज वाटली. वाटली, खोटं कशाला बोलू! पण संध्याकाळी गाणं लावलं, दोन्ही दारं थरथरली आणि लाज कुठल्या कुठे गेली.

पुढचे आठ-दहा दिवस मी सुखात होतो. बाबांचे ओठ हलताना दिसायचे, मी मान डोलवायचो. त्यांना वाटावं ऐकून राहिला. मग ओठही कमी हलायला लागले.

त्या दिवशी मिलमध्ये गर्दी होती, मागून हॉर्न वाजत होते. घाईत मी गाणं बंद करायचं विसरलो. बाबांनी दार उघडलं, बाहेर लटकले. मी रिव्हर्स टाकला. ‘येऊ दे’ ऐकू येत नव्हतं, पण रोजचं अंतर मला माहीत आहे अशी घमेंड होती. मग कडाडकन आवाज झाला. शेडचा सिमेंटचा खांब उघड्या दारात घुसला आणि दार पुढे पिळवटलं. बाबा सीटवर आडवे पडलेले, कोपर सोललेलं. त्यांनी ऐन वेळी अंग आत ओढून घेतलं म्हणून वाचले. डावा स्पीकर मुका झाला होता. उजवा जोरात गात होता.

एक हमाल धावत आला आणि माझ्या अंगावरच ओरडला, “अबे, बुढा केव्हाचा बोंबलून राहिला, बस बस म्हणून! बहिरा हायेस का?”

मी म्हणालो, लागलं का? त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

दार ठोकून आणलं, उजवा स्पीकरही मी काढून टाकला. बाबा पुन्हा शेजारी बसायला लागले, पण तोंड उघडेनात. एक दिवस, दोन दिवस. केबिनमध्ये नुसतं इंजिन. मिलमध्ये गाडी मागे घ्यायला मी हमालाला हाक मारायचो. मी मुद्दाम तिसऱ्या गेरवर चढ घेतला, गाडी कण्हायला लागली, बाबा बाहेर धानाच्या बांध्यांकडे पाहत बसले. खड्ड्यात आदळवली. त्यांचा पाय हलला नाही.

चौथ्या दिवशी माझ्याने राहवेना. रस्त्याच्या कडेला गाडी लावली. “बाबा, काही त बोला न. शिव्या द्या, पण बोला.”

समोरच्या काचेतून पाहत बाबा म्हणाले, “मले समजलं होतं. तार घालतानीच समजलं होतं, एवढा मोठा आवाज कायले पायजे ते.”

मी विचारलं, “मंग घालून कायले देली?”

“तुयाच्यानं जात नव्हती न,” बाबा म्हणाले. “चाल आता. लाइन लागली असन तिकडे.”