शेजारच्या सीटवरची टोपी

एरंडोलला बस थांबली की जागा धरायला खिडकीतून एक मळकी टोपी आत यायची आणि नेमकी माझ्या शेजारच्या सीटवर पडायची. मागून तिचा मालक, मिरचीचं गाठोडं घेऊन. मी शिंकत सरकायचो. धुळ्याच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो. बसमध्ये तासाची तयारी करावी, तर हा माणूस वहीत डोकावायचा.

एकदा म्हणाला, "हाई काय शे, सर?"

मला अवदसा आठवली आणि मी सांगत बसलो. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो. लाट वर चाललीय की खाली, कुठल्या टप्प्यावर आहे, ती तिची फेज. एकट्या लाटेची फेज कशानेही मोजता येत नाही. दोन लाटा भेटल्या, की त्यांच्यातला फरक तेवढा दिसतो.

"जे दखास नही, ते पोरेसले कसाले शिकाडतस?" न दिसणारं पोरांना कशाला शिकवता, एवढं विचारून त्यानं बसभर जाहीर केलं, "सर सांगतस, ती शेच नही!"

अख्खी बस हसली. मी भडकलो.

"अहो भाऊ, खड्ड्यात आपण दोघं एकदम उडालो तर काही कळत नाही. मागेपुढे उडालो की खांदे आपटतात ना? तो फरक!"

त्यानं खांदा चोळला. "मंग थोडं सरका ना, सर."

मी कपाळावर हात मारला.

पुढे टोपी येईनाशी झाली. सीट मोकळी, शिंका बंद. पारोळ्याच्या रस्त्यावर खड्डे मात्र तेच. मी आधी उडतोय की नंतर, हे कळायला शेजारी खांदाच नव्हता. असला वैताग त्या माणसानंही मला कधी दिला नव्हता.