आक्काला मिळालेलं पहिलं उत्तर

माझी आक्का एका थट्टेपायी गेली.

आज तिची तिथी. नैवेद्य दाखवून झाला आणि मी फोन घेऊन बसलेय. रागात आहे. रागातच लिहितेय, सांभाळून घ्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. निपाणीजवळचं आमचं गाव. आक्का माझी थोरली बहीण, गावातल्या गावातच दिलेली. दाजी बेळगावला ऑफिसात. शनिवारी एसटीने येणार, सोमवारी पहाटे जाणार.
मधले दिवस रान, म्हैस, विहीर, सगळं आक्काकडे.

आणि मोटर.

विहिरीवर लाइट नवीनच आली होती. थ्री फेज म्हणायला, तिन्ही फेज एकदम मिळतील तर शपथ! मग दोनच फेजवर मोटर सुरू व्हायला लोक कंडेन्सर लावायचे. पत्र्याचा डबा, वर दोन टोकं. मोटरने वेग घेतला की कळ ओढून त्याचं कनेक्शन तोडायचं.

हे डबे फार चोरीला जायचे. म्हणून दाजी म्हणाले, "पाणी पाजून झालं की काढून घरी आणत जा."

कसा काढायचा, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

आक्का म्हणाली, "इचारल्याबिगर म्या हात लावणार न्हाय."

आक्का तशीच होती. नवीन भांडं घेतलं तरी दुकानदाराला दहा प्रश्न विचारून त्याचं डोकं उठवायची.

मोटरी भरायचं, म्हणजे दुरुस्तीचं, दुकान बाजारात होतं. दारात बाकडं, बाकड्यावर चारपाच जाणकार. कुणाची मोटर जळाली, कुणाचा स्टार्टर अडला, सगळे तिथेच येणार. आजच्या भाषेत तो ग्रुपच. दुकानवाला मिस्त्री अ‍ॅडमिन.

त्या बाकड्याची एक रीत होती.
नव्या माणसाला पहिलं उत्तर उलटं द्यायचं.

त्याला ते टोपी घालणं म्हणायचे. माणूस फसून, चिडून परत आला की सगळे खो खो हसणार, चहा येणार, मग खरं उत्तर मिळणार. त्यानंतर तो त्यांच्यातला. एकाने मोटरचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला गोडेतेल चोपडलं होतं. तो किस्सा लोक चवीने सांगायचे.

मी तेव्हा निपाणीत कॉलेजला. त्या दिवशी आक्काबरोबर होते.

"मिस्त्री, लाइट गेल्यावर कंडेन्सर लगीच काढला तर चालतंय का?"

मिस्त्रीने बाकड्याकडे एकदा बघून घेतलं.

"लाइट गेल्यावर त्यात काय ऱ्हातंय आक्का? खुशाल पोटाशी धरून न्या, ल्योक समजून!"

बाकडं हसलं.

एका म्हाताऱ्या काकांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. शेजारच्याने त्यांची मांडी दाबली. काका तंबाखू मळायला लागले.

वाटेत मी विचारलं, "हसले का गं ते?"

"बाईमाणूस मोटरचं इचारतंय म्हणून. हसू देत. आपल्याला कळलं न्हवं? झालं तर."

तिला वाटलं, कळलं.

पुढच्याच आठवड्यातली दुपार. तिने मोटर सुरू केली, थोडं पाणी गेलं आणि लाइट गेली.

पलीकडच्या रानात तात्या मिरच्या तोडत होते. त्यांनी हाक मारली, "गेली काय गं लाइट?"

"व्हय तात्या. कंडेन्सर काढते आणि जाते घरला."

तात्यांना पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत आले तर काठावर डबा आडवा पडलेला. आक्का पोहण्यात गावातल्या पोरांना हरवायची. त्या दिवशी ती वर आली नाही.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. डबा बघून कानडीत म्हणाला, "करंट होद्रू अद्राग इरतैती."
करंट गेला तरी याच्यात राहतो.

टोकांना बल्ब लावून आतला करंट आधी उतरवायचा, मग हात. एवढंच उत्तर होतं. चहा थंड होण्याआधी देऊन झालं असतं!

दहाव्याला मिस्त्री आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मला वाटलं ती परत यील इचारायला. समदी येत्यात."

आई म्हणाली, "पाच गडी हसल्यावर बाई परत कशाला यील रं?"

तो माणूस वाईट नव्हता. खरंच सांगते, नव्हता. त्याने कितीतरी लोकांना फुकट शिकवलं. म्हणूनच मला जास्त भीती वाटते. हे चांगल्या माणसांच्या हातून होतं.

आता आजचं.

मी घरगुती वस्तू दुरुस्त करायच्या एका ग्रुपमध्ये आहे. सकाळी एका मुलाने विचारलं, "मायक्रोवेव्हचा प्लग काढलाय. मागचं झाकण उघडून आत हात घातला तर चालेल ना? मी नवीन आहे."

पहिली कमेंट : "बिनधास्त घाल भावा. व्हिडिओ काढ फक्त."
खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एवढे एक्स्पर्ट, आणि सगळे हसतायत.

मी लिहिलं, "बाळा, हात घालू नकोस. प्लग काढला तरी आत करंट साठून असतो. माणूस मरतो. दुकानात ने. आणि काही अडलं तर परत विचार, हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस."

अ‍ॅडमिनचं उत्तर आलं, "आजी, चिल. नवीन पोरांची सगळे अशीच फिरकी घेतात. त्यांना कळतं."

कळतं?

नवा माणूस म्हणजे कुठलं उत्तर खोटं आहे हे न ओळखणारा माणूस. ओळखता आलं असतं तर विचारलं असतं कशाला?
उत्तर द्यायचा कंटाळा आला तर गप्प बसा. थट्टा करायचीच असेल तर आधी खरं सांगा, मग पोटभर हसा. आणि कुणी खरं सांगायला तोंड उघडलं तर त्याची मांडी दाबू नका.

त्या मुलाने अजून माझी कमेंट पाहिलेली नाही. मेसेज केला, तोही तसाच पडून आहे. प्रोफाइलवर गाव बेळगाव, शहापूर एवढंच लिहिलंय. पोस्टची लिंक खाली देतेय. कुणी त्याला ओळखत असेल तर मला नंतर सांगा, आधी त्याला फोन करा.

आक्का, तुला नमस्कार गं.
आज तुझ्यासाठी रडायला बसले होते, आणि दुपारपासून एका अनोळखी पोराच्या उत्तराची वाट बघतेय.