भाऊजींनी आखलेली वस्ती

रस्ता वाकडा असला की त्यावर राहणारा माणूसही वाकडा होतो, असं छातीठोकपणे सांगणारा उभ्या वऱ्हाडात एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. भाऊजी बुलढाण्याला गोऱ्या साहेबाच्या हाताखाली ओव्हरसियर होते. तिथले बंगल्यांपुढचे रुंद रस्ते, दुतर्फा कडुनिंब, सगळं त्यांच्या देखरेखीखाली झालेलं. पेन्शन घेऊन ते देऊळगाव राजाला परतले आणि घरच्या गल्ल्या पाहून त्यांना जी शिसारी आली ती कायमची. "साहेबाच्या बंगल्यात हवा कशी खेळते!" ते म्हणत. "आपल्या गल्लीत हवा आली, तं बिचारीले परत जाच्याले रस्ता सापडत नाही." ताटात चटणी, भाजी, पिठलं एका ओळीत लागे. पिठलं जरा पसरलं की "अतिक्रमण!" म्हणत ते त्याला भाकरीनं मागे सारत. सकाळी दोरी धरून ते गल्लीत चुन्याची सरळ रेघ मारत, आणि आयती रेघ मिळाली म्हणून आयाबाया तिच्यावर रांगोळी काढत.

शेवटी त्यांच्या चिकाटीला कंटाळून म्युनिसिपल कमिटीनं वेशीबाहेरचं माळरान नव्या वस्तीसाठी दिलं. अट एकच, वर्षभरात बिऱ्हाडं आली नाहीत तर माळ पुन्हा गुरांना. भाऊजींनी बुलढाण्याच्या बंगल्यांच्या आखणीची हुबेहूब नक्कल त्या माळावर उतरवली, पहिलं घर स्वतःचं बांधलं आणि शेजाऱ्यांची वाट पाहत बसले. लोक येत, रस्ता पाहून "वा!" म्हणत आणि मुकाट्यानं वेशीच्या आत निघून जात. पावसाळा गेला, थंडी सरत आली, तरी कोणी राहायला येईना. भाऊजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. पिठलं खुशाल कुठंही पसरू लागलं, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

एक दिवस ताईचाच बांध फुटला. "काऊन येतील लोक? शेजारच्या घराची खुंटी इतकी दूर ठोकली, का विरजण मागून आणेपर्यंत दूध नासते! साहेबाले शेजारी नकोच असते. आपल्याले तं लागते! हे गाव आखलं का मले वनवास देला?"

मी समोरच बसलो होतो. आता भडका उडणार असं वाटलं. पण भाऊजी उठून ओट्यावर गेले आणि शेजारच्या खुंटीपर्यंतची पावलं मोजू लागले. साहेबानं ते अंतर कशासाठी ठेवलं होतं, हे त्यांनी नोकरीत कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या खुंट्या उपटल्या. ताईला ओट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "हाक मार." ती "अवो, ऐकू येते का?" म्हणून ओरडत राहिली आणि हे मागे मागे सरकत गेले. आवाज पुसट झाला तसे थोडे अलीकडे आले आणि तिथंच शेजारच्या ओट्याची खुंटी ठोकली. पुढची सगळी घरं याच मापानं आखली. रस्ता मात्र होता तेवढाच रुंद आणि सरळ ठेवला; त्यात त्यांनी ब्रह्मदेवाचंही ऐकलं नसतं.

वर्ष भरायच्या आत बांगड्या विकणारे मणियारचाचा बिऱ्हाड घेऊन शेजारी आले. आठवडाभरात त्यांच्या बकरीनं भाऊजींच्या झेंडूची अख्खी रांग फस्त केली. भाऊजी काठी घेऊन धावले.

"चाचा, तुमची बकरी माझ्या हद्दीत आली!"

"अहो साहेब, बकरीले काय मालूम तुमची लाइन!"

मग जे जुंपलं, ते ऐकायला वेशीच्या आतली माणसं धावत आली. आलीच आहेत तर त्यांनी मोकळे प्लॉटही पाहून घेतले. दम लागलेले भाऊजी घरात आले तेव्हा त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "ऐकलं का?" ते ताईला म्हणाले. "भांडण झालं! आता वस्ती झाली आपली." ताई हसता हसता पदरानं डोळे पुसत होती.

भाऊजी आता नाहीत. त्या रस्त्यानं जाताना कुणाचं कडाक्याचं भांडण कानावर आलं की लोक पाय उचलतात. मी मात्र क्षणभर थांबतो, आणि मला फार बरं वाटतं.