वेशीबाहेरची रजा

“रविवार धरून किती होतत?”

हा आमच्या भाऊंचा पहिला प्रश्न. तुम्ही उटी म्हणा नाहीतर तिरुपती, जागेबद्दल ते काही विचारायचे नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्यायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि आधी दुसरा शनिवार शोधायचे.

मालवणच्या आमच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, जगाला फिरायला धाडणारा आणि स्वतः फोंडाघाटसुद्धा न चढलेला. तीन किरकोळ रजांत त्यांनी मला म्हैसूरला धाडून आणलं होतं. त्यांच्या स्वतःच्या रजा मात्र गणपती, भातलावणी आणि जत्रेत संपायच्या.

वहिनींनी शाळेच्या पुस्तकात वेरूळचं चित्र पाहिलं होतं. लग्नानंतर भाऊ “दाखवतंय” म्हणाले, त्याला बावीस वर्षं झाली. दोघं मिळून कुठेच गेली नव्हती. हे भाऊंना फार लागायचं, पण बोलायचे नाहीत. शेवटी एका डिसेंबरात शनिवार, रविवार, सोमवारची सुट्टी आणि एक उरलेली रजा असं जुळलं. “मंगळवारी लेणी बंद, म्हणान रविवारीच बघूची,” असं म्हणत त्यांनी कोल्हापूरमार्गे तिकिटं काढली.

आणि देवाने त्याच शनिवारपासून गावपळणीचा कौल दिला.

भाऊंच्या गावात दर चार वर्षांनी गावपळण होते. तीन दिवस अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन खोपी बांधून राहतं. गावात चूल पेटत नाही. परत यायचं तेही देवाने कौल दिल्यावरच.

भाऊ आधी खूश झाले. घर सोडायचंच आहे, तर वेरूळसाठी सोडू. मग शंका आली. गावकारांना विचारलं, तर ते म्हणाले, “वेशीभायर रवाचां. खंय तां देव इचारणा नाय.” दुसरे एक म्हातारे म्हणाले, “कौल झालो की सगळ्यांनी एकदम घरात शिरूचां. तुमी वाटेत आसलास तर?” आयुष्यात पहिल्यांदाच भाऊंची पेन्सिल अडली. त्यांनी मला विचारलं, मी बायकोला विचारलं, आणि गोंधळ तेवढा वाढला.

तरी जायचं ठरलं. शनिवारी दुपारी मी रिक्षा घेऊन खाडीकाठच्या खोपींपाशी गेलो. भाऊ इस्त्रीच्या शर्टात, बॅग हातात. वहिनी काजूच्या झाडाखाली बायकांत पाय पसरून बसल्या होत्या. नुसत्या बसलेल्या त्यांना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“सकाळपासून माका कोणी हाक मारूक नाय,” त्या म्हणाल्या. “चूल एक, जेवण सगळ्या वाडीचां. माका आज खंयच नेव नकात.”

“गो, तिकिटां काढलंय.”

“वेरूळ खंय पळता? बसा हयसर.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षाकडे पाहिलं. त्या माणसाला वेळापत्रक नसलेल्या जागी बसता येत नव्हतं. बॅग मांडीवर घेऊन ते बसले, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत. बस सुटायची वेळ झाली तेव्हा वहिनी फुगडी घालत होत्या. त्यांना एवढं हसताना बघून मला बरं वाटलं, आणि भाऊंचा चेहरा बघून वाईटही. दोन्हीतलं खरं कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढची गावपळण आली तोवर भाऊ निवृत्त झाले होते. वहिनींना जाऊन वर्ष झालं होतं. मी भेटायला गेलो तर ते त्याच काठावर एकटे खोप बांधून बसलेले.

“आता रजेचं काय अडलंय?” मी उगाच म्हणालो. “वेरूळ बघून या.”

“तिना बघूकच नाय,” ते म्हणाले. “आता मी बघून कोणाक सांगू?”

पुढच्या पावसाळ्यात तेही गेले. त्यानंतर दोनदा माझा औरंगाबादला जायचा योग आला. वेरूळ तिथून तासाभरावर. बघितलं का, असं कोणी विचारलं तर रजा नव्हती म्हणून सांगतो.