सायकलवरून माहेरी

माझ्या सुनेची आई हिर्डोशीला राहते. मुलाच्या लग्नाला दोन वर्षं होऊनही आम्हा दोघी विहिणींचं बोलणं ‘या, बसा, चहा टाकते’ याच्या पुढं गेलं नव्हतं. भांडण नव्हतं, मानापमान नव्हते. मी भोरला बँकेत नोकरी करणारी, त्या शेळ्या आणि भातशेती बघणाऱ्या. भेटलो की दोघीही ठेवणीतली साडी नेसून, पदर सावरत, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसायचो.

म्हणून सायकलफेरीचा मुक्काम हिर्डोशीला आहे हे कळल्यावर मी त्यांना काही कळवलंच नाही. फेरी होती ती त्याच भागासाठी एक रुग्णवाहिका घ्यायची म्हणून. वरंध घाटाकडच्या वाड्यांना एसटी कमी. कुणाला कळा सुरू झाल्या किंवा पान लागलं, म्हणजे साप चावला, तर कुणाचा तरी टेम्पो मिळेपर्यंत वाट बघायची. आम्ही भोरमधल्या काही जणांनी ‘आम्ही सायकल चालवतो, तुम्ही गाडीसाठी पैसे द्या’ असं सांगून ओळखीच्या लोकांकडून मदत गोळा केली होती. राजगडाखालच्या पालीतून निघायचं, भोरवरून हिर्डोशीला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी भाटघरला शेवट.

माझी पन्नाशी उलटलेली, सायकल मुलाची. निघताना त्याचा फोन आला. “आई, नाही जमलं तर मागून टेम्पो आहेच.” त्या टेम्पोत बसायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं.

पालीतून निघालो तेव्हा हँडल धरवत नव्हतं इतकी थंडी होती. भातं निघून गेली होती, खाचरांतून नुसते सड राहिले होते. नसरापूरपर्यंत रस्ता उताराचा, मी चक्क गुणगुणत होते. हायवेचा तुकडा जीव मुठीत धरून काढला. भोरला एसटी स्टँडसमोर आमचे हे लिंबूसरबत घेऊन उभे होते. “चेहरा लाल झालाय, पण बरी दिसतेस,” म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी हे वाक्य मला नवीन होतं.

भोरच्या पुढं मात्र रस्त्यानं रंग दाखवला. धरणाच्या पाण्याकडेनं वळणं घेत तो चढत राहतो. एक चढ संपला म्हणून श्वास घ्यावा, तर वळणापलीकडं दुसरा. बाकीचे पुढं गेले. हिर्डोशी जवळ आली आणि माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी सायकल टाकून रस्त्याच्या कडेला बसले. टेम्पो मागं कुणाचा तरी पंक्चर काढत थांबला होता. तेवढ्यात वरून शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागून विहीणबाई.

मी ट्रॅक पँटमध्ये, केस पिंजारलेले, तोंडाला धूळ. त्या डोक्यावर गवताचा भारा घेऊन. दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो.

“आवो विहीणबाई, तुमी? हितं?”

“पायात गोळा आलाय,” मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी भारा खाली टाकला, समोर बसकण मारली आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी ‘अहो, राहू द्या’ म्हणेपर्यंत पोटरी चोळायला सुरुवातही झाली होती. हात असा दणकट की मी ओरडले. त्या हसल्या. मग मलाही हसू आलं.

चोळता चोळता त्यांनी फेरीची सगळी हकिगत काढून घेतली. रुग्णवाहिकेचं सांगितल्यावर हात थांबला. “माज्या जावंला डोलीतनं नेली हुती. वाटंतच बाळातीन झाली. पावसात.” पोटरी पुन्हा चोळत म्हणाल्या, “गाडी आमच्यासाटी, आन् सायकली तुमीच चालवायच्या व्हय? मला का न्हाई इचारलं?”

“तुम्हाला येते सायकल?”

“माजं म्हायार भाटघर. दादाच्या सायकलीवर नळीखालनं पाय घालून आख्खं गाव पालथं घातलंय म्या.”

शेळ्या पुढं, आम्ही मागं, सायकल दोघींच्या मधे, असे आम्ही गावात शिरलो.

आमच्यातल्या एका प्राध्यापकांचा गुडघा त्या संध्याकाळी सुजला. उद्या टेम्पोतूनच जाणार, म्हणाले. विहीणबाईंची गोष्ट ऐकून त्यांनी स्वतःच सायकल पुढं केली, सीट खाली करून दिली. शाळेच्या मैदानात व्याही कॅरिअर धरून मागं पळत होते. त्यांना वाटलं होतं बायको पडेल. दुसऱ्या फेरीत त्यांच्या हातून कॅरिअर सुटलं आणि ते धापा टाकत उभे राहिले. “गेली की!” एवढंच म्हणाले. मी त्यांच्याकडंच जेवले. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, वर लसणाचा ठेचा.

सकाळी त्या माझ्या सुनेचा जुना पंजाबी ड्रेस घालून बाहेर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. “लई मोकळं वाटतंय,” म्हणाल्या, आणि हेल्मेट उलटं घातलं.

परतीचा रस्ता तोच, पण आता उतार जास्त. धरणाच्या पाण्यावर ऊन आलं होतं. त्या ब्रेक जपून लावायच्या, चढाला मात्र माझ्या पुढं. मधे एकदा उतरून दोघींनी सायकली ढकलल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, “माजी पोरगी सैपाक नीट करती का?” मी खरं तेच सांगितलं, की स्वयंपाक माझा मुलगाच करतो. त्या इतक्या हसल्या की सायकल धरून उभ्या राहिल्या.

भाटघरला रस्त्याच्या कडेनं लोक टाळ्या वाजवत उभे होते. त्यांत विहीणबाईंचे थोरले भाऊही होते, काठी टेकून. हेल्मेटमधल्या बहिणीला त्यांनी ओळखलंच नाही. “दादा, सर की बाजूला!” त्या ओरडल्या, आणि भाऊ खरंच बाजूला झाले, मग वळून बघत राहिले. डोळे पुसत होते, पण हसतही होते. विहीणबाई थांबल्या नाहीत. शेवटच्या पताकेपर्यंत जाऊन, मग वळून त्यांच्यापाशी आल्या.

त्या माहेरी चार दिवस राहिल्या. एरवी शेळ्यांमुळं एक रात्रही निघायची नाही. शेळ्या व्याह्यांनी सांभाळल्या.

रुग्णवाहिका पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली. एका दुपारी विहीणबाईंचा भोरच्या दवाखान्यातून फोन आला. वरच्या वाडीतली धनगराची सून गाडीतून आणली होती, सोबत त्याच आल्या होत्या. मुलगी झाली होती. बँकेतून सुटून मी गेले. बाळ-बाळंतीण झोपलेली, विहीणबाई बाहेर बाकावर. आम्ही कोपऱ्यावरच्या हातगाडीवर गरम भजी खाल्ली आणि हिर्डोशीची एसटी येईपर्यंत गप्पा मारल्या. एसटी आली, तरी त्यांचं बोलणं संपेना. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं चढल्या.