सायकल कुठल्या रांगेत?

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी नांदेडहून तिथल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून बदली झाली. त्यातच दुष्काळ पडला. वस्तीतले नळ आटले, तशी मी रोज सकाळी सायकलच्या कॅरिअरला तेलाचे दोन रिकामे डबे बांधून गावाबाहेरच्या टाकीवर जाऊ लागले.

तिथं दोन रांगा होत्या. ट्रॅक्टर, बैलगाड्या असल्या गाड्या एका फाटकातून आत शिरायच्या, जाड पाइपाखाली थांबायच्या आणि भरून पुढच्या फाटकानं बाहेर पडायच्या. पायी येणाऱ्यांसाठी पलीकडं एक बारीक नळ होता.

मी गाड्यांच्या रांगेत लागले. पाळी आली तसा चौकीदारानं हात आडवा घातला. "सायकल गाडीत धरत न्हाईत, बाई. तिला इंजन कुठं हाय?"

पायी रांगेत गेले, तर तिथल्या बायका उखडल्या. "चाकं हायत की तुला! जा तिकडं."

परत चौकीदाराकडं आले. "बैलगाडीला तरी इंजन आहे का?"

"न्हाई. पर ती गाडी हाय."

चार दिवस हेच चाललं. टाकी आमच्याच कचेरीच्या ताब्यात होती, म्हणून शेवटी मीच टाइप करून आमच्या साहेबांकडं अर्ज दिला. त्यावर शेरा आला, 'अर्जदार पादचारी की वाहनधारक, खुलासा करावा.' साहेब माझ्यापासून दहा पावलांवर बसायचे. सायकल रोज त्यांच्या खिडकीखाली उभी असायची. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी टाकीवर पुन्हा तेच भांडण. मागं बैलगाडीत पिंप घेऊन आलेला एक म्हातारा ऐकत होता. म्हणाला, "ताई, किती भांडून राहिल्या? ठेवा सायकल माझ्या गाडीत."

दोघांनी मिळून सायकल वर चढवली. गाडी आत गेली. चौकीदारानं बैलगाडी म्हणून ती सोडली आणि पाइपाखाली पिंपाबरोबर माझे डबेही भरले. बाहेर उतरवताना अर्धा डबा माझ्या साडीवर सांडला. पाण्यासाठी जीव टाकावा आणि ते असं वाया जावं! रडूच आलं.

पण सायकलवरच्या दोन दूधवाल्यांनी माझी सायकल गाडीतून आत गेलेली पाहिली होती. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या गाडीवर तीन सायकली चढल्या. चढवता-उतरवता रांग तुंबली, मागचे ट्रॅक्टरवाले ओरडू लागले. चौकीदार धावत आला.

"उतरवा त्या! हातात धरून आणा आत, पर लवकर आटपा!"

त्या उन्हाळ्यात मग आम्ही गाड्यांच्या फाटकातूनच आत जात राहिलो. चौकीदार रोज आठ्या घालायचा. मीही त्याच्याकडं बघून कधी हसले नाही.