फुगेवाल्याच्या पिस्तुलाचा घोडा

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. वेलांटी पहिली की दुसरी हे मी अंदाजानं ठरवते, आणि अक्षर तर असं की माझ्या यादीतली तूर वाचून किराणा दुकानदारानं एकदा तूप बांधून दिलं होतं. पण चारचौघांत बोलायची मला त्याहून जास्त लाज, म्हणून लिहिते. त्या लाजेपायीच पुढचा सगळा घोटाळा झाला.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. मी बार्शीकडची, लग्न होऊन सोलापुरात आले त्याला दोन वर्षं झाली होती. हे पुढच्या खोलीत स्टो, कुलुपं, छत्र्या दुरुस्त करत. मागच्या खोलीत आमचा संसार. मधे पडदा. हे बाहेर गेले असताना गिऱ्हाईक आलं, तर पडद्याआडून 'न्हाईत' म्हणायचं, एवढाच माझा धंद्यातला वाटा.

त्या वर्षी यांनी नव्या पेठेतून माझ्यासाठी जुनं शिलाई मशीन आणलं. साठ रुपये कमी पडले, ते शेजारच्या खोलीत राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनी दिले. त्यांना मी अक्का म्हणायची. अक्कांचं माहेर दुधनी, आणि व्यवहार चोख.

"गड्डा उठायच्या आत साठच्या साठ माझ्या हातावर पायजेत," त्या म्हणाल्या. "न्हाय तर मशीन माझ्या खोलीत. मला बी शिवता येतंय की."

गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची जत्रा. ती महिनाभरावर आली तशा अक्का रोज येऊन मशीनकडे बघून जाऊ लागल्या. एकदा तर त्यांनी हाताच्या वितीनं त्याची लांबी-रुंदी मोजली. तेव्हापासून मी मशीनवर चादर टाकून ठेवायची. यांचा भरवसा जत्रेतल्या कामांवर होता. जत्रेत पाळणे, चुली, कुलुपं, काही ना काही मोडतंच.

जत्रा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, दुपारी, बाहेरून हाक आली. "मालक हायत का?"

"न्हाईत," मी पडद्याआडून म्हणाले.

"मग तुमीच सांगा त्यास्नी. जत्रंत फुग्याचा स्टॉल हाय माझा. घोडा लई हगुर झालाय बगा. नीट करून ठिवा म्हणावं, पंधरा रुपये देतो."

फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी खिडकीत ठेवून तो माणूस गेला.

मी तिथंच उभी. लिहायलासुद्धा संकोच वाटतो, पण तो शब्द ऐकून बार्शीकडच्या बाईला जे वाटेल तेच मला वाटलं. घोड्याचं पोट बिघडलंय. जत्रेत पोरांना फिरवायचा घोडा असेल, आणि बिचारा सारखा… पण जनावरांचा दवाखाना सोडून हा स्टोवाल्याकडे कशाला आला? आणि या फडक्यात काय आणलंय? मी त्या फडक्याला हातसुद्धा लावला नाही.

हे आले, फडकं सोडलं, तर आत छऱ्यांचं पिस्तूल. फुगे फोडायचं.

"घोड्याचं सांगून गेलेत," मी म्हणाले.

"हा बघ घोडा." यांनी बोटानं ओढायची लोखंडी पट्टी दाखवली. "हा ओढला की छर्रा सुटतो. काय झालंय म्हणाला घोड्याला?"

आता आली का पंचाईत! मी यांच्यासमोर जेवायलासुद्धा बसत नव्हते. तो शब्द यांच्यापुढं कसा उच्चारायचा? मी पदराचं टोक पिळत म्हणाले, "जड झालाय म्हणाले." का जड? त्या घटकेला तेवढा एकच सभ्य शब्द सुचला.

यांनी घोडा ओढून पाहिला. पुन्हा ओढला. "मला तर चांगला हलका लागतोय. पण माझी बोटं राकट. तू बघ."

मी ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा आला. पण आता मागं कसं फिरायचं? "जडच हाय की," मी म्हणाले.

गिऱ्हाईक म्हणतंय, बायको म्हणतेय, म्हटल्यावर यांनी पिस्तूल उघडलं. आत एक खिट्टी, आणि तिला दाबून धरणारी करंगळीच्या पेराएवढी स्प्रिंग. स्प्रिंग ताठ तर घोडा जड, मऊ तर हलका, असं यांनी मला समजावलं. मग मोडक्या कुलपांच्या डब्यातून शोधून एक मऊ स्प्रिंग बसवली.

"आता?"

एकदम 'झाला हलका' म्हटलं तर आधीचं खोटं उघडं पडेल, असं मला वाटलं. "थोडा जड हाय अजून."

यांनी खिट्टी घासली, दुसरी स्प्रिंग घातली. मी पुन्हा मान हलवली. शेवटी यांनी आपल्या बॉलपेनातली स्प्रिंग काढून बसवली आणि पिस्तूल स्टुलावर ठेवलं. ठेवताक्षणी 'फट्' झालं. आत छर्रा नव्हता म्हणून बरं. नुसत्या हवेनं परातीतलं पीठ उडून माझ्या तोंडावर आलं.

"झाला," मी घाईनं म्हणाले. "लई हलका झाला."

"फुलासारखा केलाय," हे खुशीत म्हणाले. "अक्काचे पंधरा तर सुटले."

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुगेवाला आमच्या ओट्यावर येऊन ओरडू लागला. "मालक! पिस्तूल दिलंय का भूत दिलंय? नुसती फुंकर घातली तर सुटतंय!"

हे बाहेर गेले. मी पडद्यामागं.

"एका म्हातारीनं बक्षिसाच्या सा वाट्या नेल्या माझ्या! सा! स्टीलच्या! नेम धरायच्या आत फुगा फुटतोय. कंगवे गेले, आरसे गेले. आणि फुग्यांमागचा पडदा जुना, त्याला भोकं. छर्रा त्यातनं पार जाऊन मागच्या भजीवाल्याच्या कढईत पडला. त्यो झारा घेऊन आला अंगावर!"

"तुम्हीच म्हणाला, जड झालाय," हे म्हणाले.

"मी? मी हगुर म्हणालो, हगुर!"

आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या. दुधनीकडं कन्नड सर्रास बोलतात; त्यांनी फुगेवाल्याला कन्नडात विचारलं, त्यानं कन्नडातच हात नाचवत सांगितलं. मग अक्का पडद्याशी आल्या. "काय गं, हगुर म्हंजे हलकं. कन्नडात. एवढं बी ठावं न्हाय? तुला काय वाटलं?"

मी पडदा आणखी ओढून घेतला.

"अगं बोल की, काय वाटलं?"

"मला वाटलं," मी म्हणाले, "पोट बिघडलंय त्याचं."

 मग फुगेवाला ओट्यावर मटकन बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हे हसले. अक्का तर भिंतीला टेकून पोट धरून खाली बसल्या. मला वाटलं, निभावलं.

पण फुगेवाल्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "हसू झालं. आता माझ्या वाट्यांचं काय? पंधरा तर इसराच, वर पंचवीस तुमच्याकडंच निघत्यात."

आणि अक्का उठता उठता म्हणाल्या, "हसून पोट दुखलं माझं. पण साठ ते साठच. मी कोपरा झाडून ठेवलाय मशीनला."

यांचा चेहरा उतरला. तो पाहून मला काय झालं कुणास ठाऊक. परक्या पुरुषाशी 'न्हाईत'च्या पलीकडं मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. पडद्याआडूनच म्हणाले, "तुमचा मागचा पडदा शिवून देऊ का? जाड. चार पदरी. छर्रा पार जाणार न्हाई."

"कापड कुटनं आणू?"

"मिलच्या चिंध्या आणा. मी जोडते."

फुगेवाल्यानं थोडा विचार केला. "पडदा टिकला तर पंचवीस सोडले."

यांनी डब्यातून आधीच्यापेक्षा ताठ स्प्रिंग शोधून बसवली. या वेळी माझ्यावर भरवसा न ठेवता घोडा अक्कांकडून ओढवून घेतला. "आता बराबर," अक्का म्हणाल्या. "बोट दुखलं माझं." मी दोन दिवस मशीनवरून उठले नाही. गोधडीसारखा जाड पडदा झाला. सुई तीनदा मोडली. हे स्वतः जाऊन तो बांधून आले. छर्रे त्यात अडकून पटापट खाली पडू लागले, आणि मागून भजीवाल्याचा आवाज बंद झाला.

चौथ्या दिवशी त्याच्या शेजारचा स्टॉलवाला चिंध्यांचं गाठोडं घेऊन आला. मग आणखी एक. जत्रेत फुग्यांचे स्टॉल किती असतात ते मला तेव्हा कळलं. बारा-बारा रुपयांनी पाच पडदे शिवले. मी शिवायची, अक्का दाराशी बसून पडदे मोजायच्या आणि आलेले बारा लगेच हातावर घ्यायच्या. "चार झाले. पाचवा होतोय का बगू." त्यांना वाटत होतं होणार नाही.

पाचव्याचे पैसे गड्डा उठायच्या दिवशी आले, तेही सगळे दहा-दहा पैशांच्या नाण्यांत. मी ओंजळभर नाणी घेऊन स्वतः अक्कांच्या खोलीत गेले आणि झाडून ठेवलेल्या कोपऱ्यात बसले. त्यांनी एकशेवीस नाणी दोनदा मोजली. दुसऱ्या वेळी एक जास्त आलं, ते त्यांनी माझ्याकडं सरकवलं, मग तिसऱ्यांदा मोजून परत घेतलं.

"फिटले," अक्का म्हणाल्या, आणि नाणी पदराला बांधली.